‘कालपर्यंत स्वतः प्यायचा, तो काय शिकवणार?’

स्वतः व्यसनातून किंवा मानसिक आजारातून सावरल्यावर रीतसर प्रशिक्षण घेऊन त्याच वाटेवरच्या इतरांना साथ देणाऱ्या व्यक्तीला समानुभवी साहाय्यक म्हणतात, आणि कालपर्यंत जो स्वतः पिऊन पडत होता तो आज दुसऱ्याला काय शहाणपण शिकवणार, हा तिच्याविषयीचा आक्षेप रुग्णांच्या घरांतून इतक्या वेळा घेतला जातो की तो जणू स्वयंसिद्धच मानला जातो. वास्तविक, शहाणपण शिकवणे हे या व्यक्तीचे कामच नव्हे. दारू वाईट असते हे रुग्णाने आईकडून, बायकोकडून आणि साहेबाकडून शेकडो वेळा ऐकलेले असते. पगाराच्या संध्याकाळी कोणत्या रस्त्याने घरी जावे, वरातीत ‘एकच घे’ म्हणणाऱ्या चुलतभावाला काय उत्तर द्यावे, आणि तीन महिने थेंबही न घेता बायको खिसे तपासते तेव्हा उसळणाऱ्या रागाचे काय करावे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि ते सांगू शकतो तो या तिन्ही प्रसंगांतून गेलेलाच.

ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही परस्परसाहाय्याची चळवळ उभी राहिली, तर डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात एकेकाळचे रुग्णच पुढे कार्यकर्ते झाल्याची उदाहरणे मुबलक आहेत. ज्यांना एवढ्याने पटत नाही त्यांच्यासाठी पुरावाही आहे. उपलब्ध संशोधनाची काटेकोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा विचार झाला, आणि रुग्णाला ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभांकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या कसोटीवर इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. या सभांमधील साथ आणि प्रशिक्षित साहाय्यकाचे काम तंतोतंत एक नव्हे, हे मान्यच. परंतु मानसिक आजारांच्या बाबतीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील चाचणीत थेट अशाच साहाय्यकांची साथ तपासली गेली, आणि तीव्र आजारासाठीच्या सेवांत वर्षभरात परतावे लागलेल्यांचे प्रमाण ही साथ मिळालेल्या गटात २९ टक्के, तर तुलनेच्या गटात ३८ टक्के आढळले.

असा सोबती मिळाला की डॉक्टर नको, हा उलट टोकाचा समज तर जिवावर बेतू शकतो, कारण दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास पहिल्या काही दिवसांतच झटके येऊ शकतात किंवा भ्रम व कंप यांची घातक अवस्था उद्भवू शकते, आणि अशा वेळी साहाय्यकाने करायचे ते एवढेच, की स्वतः गोळ्या न सुचवता रुग्णाला रुग्णालयात न्यायचे. अनुभव असला की प्रशिक्षण कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अमेरिकेच्या केंद्र सरकारने २००७ मध्ये सरकारी आरोग्य योजनेतून या सेवेचे पैसे देण्यासाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि जाणकाराची देखरेख या अटी घातल्या. राहता राहिला साहाय्यकाचीच ‘स्लिप’ झाली, म्हणजे तोच पुन्हा प्यायला, तर काय, हा प्रश्न. तर त्याचे काम थांबवले जाते, त्याच्याकडचे रुग्ण दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवले जातात आणि तो स्वतः पुन्हा उपचारांच्या रांगेत उभा राहतो.