नागलीच्या आंबिलीसाठी तुसाची ऊबपेटी



डिसेंबर लागला की दमणगंगेवरून येणारा पहाटेचा गारठा राखोलीत अंगाला झोंबू लागतो. माणूस गोधडी ओढून घेतो. पण टोपातल्या पिठाला गोधडी कोण देणार? उन्हाळ्यात एका रात्रीत आंबणारे पीठ थंडीत दुसऱ्या दुपारपर्यंत तसेच पडून राहते. मग घरातील बाया आंबिलीचा नाद सोडतात, आणि मुले कोरा चहा व बटर खाऊन शाळेत जातात. आम्हाला काळजी वाटते ती याची.

100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसते. नागलीत लोहही आहे, परंतु दाण्यातील फायटिक आम्ल ते धरून ठेवते. पीठ आंबले की हे आम्ल कमी होते व लोह अंगी लागणे सोपे जाते. म्हणजे आंबट चव ही केवळ जिभेची हौस नव्हे.

पीठ आंबते ते सूक्ष्म जीवांमुळे. दूध आंबट होण्यामागे असे जिवंत जीव असतात, हे लुई पाश्चर यांनी 1857 साली दाखवून दिले. या जीवांना 30 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंडीत ते मरत नाहीत, आळसावतात. तेव्हा त्यांना ऊब द्यावयाची, एवढेच आपले काम.

पेटी कशी करावी?

आतून 55 सें.मी. लांब, 45 रुंद व 45 उंच असे लाकडी खोके घ्यावे. आपल्याकडे कारखान्यांच्या भंगारात अशी खोकी मिळतात. मात्र ज्यात रसायन, रंग किंवा औषध आले असेल ते खोके फुकट मिळाले तरी घरात आणू नये.

भातगिरणीतून कोरडे तूस आणावे व जुन्या साडीच्या पिशव्या शिवून त्यांत भरावे. तूस नसेल तर पेंढा चालेल. तळाला, चारही बाजूंना व वर सहा बोटे, म्हणजे सुमारे 10 सें.मी. जाडीचा थर हवा. मध्ये 25 सें.मी.चा टोप व त्याच्या शेजारी गरम पाण्याची स्टीलची बाटली मावेल एवढी जागा राहते. तुसात अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. तूस ओले झाले की हा गुण जातो. म्हणून आठवड्यातून एकदा पिशव्यांना ऊन द्यावे.

वापर

पेटी ऊब राखते, निर्माण करीत नाही. पहिल्या दिवशी आम्ही गार पाण्यात कालवलेले पीठ तसेच आत ठेवले, आणि सकाळी ते गारच निघाले!

एक वाटी नागलीचे पीठ तीन वाट्या कोमट पाण्यात कालवून दोन चमचे आंबट ताक घालावे. पाणी हाताला सुखाचे वाटेल इतकेच गरम असावे. कढत पाण्याने खमीर मरते. टोप दोनतृतीयांशच भरावा व वर सैल झाकण ठेवावे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, पेटी बंद करावी आणि सकाळपर्यंत उघडू नये. सकाळी आणखी पाणी घालून, ढवळत, चांगली उकळी येऊन पीठ शिजेपर्यंत आंबील शिजवावी. निवल्यावर मीठ, जिरे व ताक घालावे. याच पेटीत दही लागते आणि नाताळच्या सान्नांचे पीठही फुगते.

सावधगिरी

पेटीत निखारे, दिवा किंवा शेगडी कधीही ठेवू नये. तूस पेट घेते, आणि धुमसणाऱ्या निखाऱ्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्यांचा जीव घेतो. आंबवण्यास स्टील, काच किंवा मातीचे भांडे घ्यावे. ॲल्युमिनियम व कल्हई गेलेले पितळ नको. बुरशी आलेली नागली आंबवून शुद्ध होत नाही, ती टाकून द्यावी. गरोदर स्त्रियांनी आंबील जरूर प्यावी, पण दवाखान्यातील लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. सिकलसेल असणाऱ्यांनी मात्र लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. अशा उबेत मोहाची फुलेही लवकर आंबतात, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहे, हे तर खरेच. पण त्याहून मोठे दुःख आम्ही घरोघरी पाहतो. बापाचा पेला भरतो आणि लेकराची वाटी रिकामी राहते. पेटी एकच आहे. तिच्यात काय ठेवावयाचे, हे घराने एकत्र बसून ठरवावे.

तीन मापे पिठात खमीर लपवून ठेवणाऱ्या स्त्रीचा दाखला प्रभूने दिला. तिने घाई केली नाही. पीठ फुगेपर्यंत वाट पाहिली. या आगमनकाळात आपणही रात्री टोप पेटीत ठेवून निश्चिंत झोपावे, आणि सकाळी पहिली वाटी मुलांना द्यावी.