तीन मिलिमीटर आणि सहाशे गावं

2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 भरली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी 8 ग्रॅम मीठ जातं असं दिसलं. लहानथोर सगळे सारखंच खातात असं धरून ढोबळ गुणाकार केला, तर या एका जिल्ह्यात रोज 9.4 टन मीठ रिचतं. नांदेड-हिंगोली रस्त्यानं आखाडा बाळापुरातून ज्या मालमोटारी धडधडत जातात, त्यातली एक रोज निव्वळ मिठानं भरलेली आहे असं समजा. वर्षाचे 3,400 टन. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी 5 ग्रॅमच्या आत राहा. म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. त्या मापानं जिल्ह्याचं वर्षाला जवळपास 1,300 टन मीठ जास्तीचं होतं.

आता गंमत बघा. आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं सोडियम मिठाच्या हिशेबात मोजलं, तर ते दीड किलोच्या घरात जातं. दीड किलो! त्यातला 99 टक्क्यांहून जास्त भाग शरीर परत आत ओढून घेतं. ज्या यंत्रणेत रोज दीड किलोची उलाढाल चालते, तिला जास्तीच्या 3 ग्रॅमची काय मातब्बरी, असं कुणालाही वाटेल. पण दुकानाची उलाढाल कितीही असो, गल्ल्यात उरतं त्यावरच हिशेब लागतो. दवाखान्यात लावतात ती अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली घ्या. तिच्यात 4.5 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे शरीरात 9 ग्रॅम मीठ अडकलं की त्याच्यासोबत लिटरभर पाणीही अडकतं. आणि पुष्कळ लोकांच्या मूत्रपिंडांना हे मीठ बाहेर ढकलायला रक्ताचा जास्त दाब लागतो. दाब वाढतो, मीठ निघून जातं, हिशेब जुळतो. मात्र दाब वाढलेलाच राहतो. माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर देशात एवढे लोक गाफील आहेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या इंडियाब अभ्यासाचा अंदाज भारतात 31.5 कोटी लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा आहे, म्हणजे वीस वर्षांवरच्या तिघांमागे एकापेक्षा थोडे जास्तच.

या दाबाचं माप पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतात, त्यामुळे ते फार किरकोळ वाटतं. 120 मिलिमीटर म्हणजे वीतभरही नाही. पण पारा पाण्यापेक्षा 13.6 पट जड. तोच दाब पाण्याच्या नळीत मोजला तर पाणी 1.63 मीटर चढेल, आणि 180 च्या दाबाला ते जवळपास अडीच मीटरवर जाईल, घराच्या दाराच्याही वर. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून हे खरोखरच पाहिलं होतं. रक्त 8 फूट 3 इंच चढलं. 1733 साली त्यानं ते छापलंही. घोडीवर काय बेतलं असेल ते सोडा, पण रक्तदाब मोजण्याची सुरुवात तिथली.

हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं आणि दिवसात सुमारे एक लाख ठोके देतं. बाळापूरच्या आसपास सगळ्यांना कळेल असा हिशेब मांडायचा तर तो हळदीच्या पोत्यांतच मांडावा लागेल. दाब 120/80 असलेल्या माणसाच्या हृदयाचं दिवसाचं काम म्हणजे 50 किलोची 177 पोती जमिनीवरून कमरेएवढ्या, मीटरभर उंचीवर उचलणं. दाब 160/100 झाला की पोती होतात 228. रोजची पन्नास वाढीव पोती, वर्षाची अठरा हजारांवर, आणि रविवारची सुट्टी नाही. असा हमाल अंगानं फुगत जातो. हृदयाचंही तसंच होतं: भिंत जाड होते, आणि जाड झालेली ही भिंत ताकदीची खूण मुळीच नाही.

इथवरचे आकडे मोठे होते. मला जास्त चकित करतात ते लहान आकडे. 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये 61 अभ्यासांतल्या 10 लाख माणसांची माहिती एकत्र करून मांडली गेली. चाळिशी ते सत्तरीच्या टप्प्यात रक्तदाबाचा वरचा आकडा 20 नं वाढला की पक्षाघातानं आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि तो आकडा नुसता 2 मिलिमीटरनं कमी राहिला, तरी पक्षाघाताचे मृत्यू सुमारे 10 टक्क्यांनी कमी दिसतात. दोन मिलिमीटर! दवाखान्यात जिना चढून गेलात तरी त्यापेक्षा जास्त फरक पडतो. एकट्या माणसाला हा फरक जाणवणारच नाही. तो दिसतो तो गावच्या गावं मोजली की.

आणि तशी गावं मोजली गेली आहेत. चीनच्या ग्रामीण भागात 600 गावांतले 20,995 लोक निवडले. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठी ओलांडलेले आणि दाब वाढलेले. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ ठेवलं. उरलेल्या निम्म्यांना दिलेल्या मिठात 25 टक्के पोटॅशियम क्लोराईड होतं. भाजी तीच, चूल तीच, मिठाची पुडी तेवढी वेगळी. जवळपास पाच वर्षांनी हिशेब झाला. दाबातला फरक फक्त 3.3 मिलिमीटर, पण पक्षाघाताचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला 33.65 वरून 29.14 वर आलं, मृत्यू 44.61 वरून 39.28 वर. हे 2021 साली प्रसिद्ध झालं. जगात एवढा स्वस्त इलाज दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही. मात्र इथे एक मोठी अट आहे. ज्याची मूत्रपिंडं कमजोर आहेत, किंवा जो पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेतो (टेल्मिसार्टन त्यातलीच), त्याला हे मीठ जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये, आणि दाब उतरला म्हणून आपल्या मनानं गोळी तर बंद करूच नये.

सैंधवाचा मात्र यात काही संबंध नाही. गुलाबी असो, दुप्पट महाग असो, बहुतांश ते सोडियम क्लोराईडच आहे.

मीठ तेवढंच ठेवून काय होतं, हेही अमेरिकेत पाहिलं गेलंय. 1997 च्या 'डॅश' प्रयोगात 459 माणसं होती. मिठाचं प्रमाण बदललं नाही, वजन घटू दिलं नाही. फळं, भाज्या, कमी साईचं दूध-दही वाढवलं आणि चरबी कमी केली. ज्यांचा दाब आधीच वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत 11.4 नं उतरला. यातलं बरंचसं आपल्याकडे रानात आहे. वसमतच्या गिरगावची किंवा शेजारच्या अर्धापूरची केळी घ्या. एका केळात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम. दिवसाला 3,510 मिलिग्रॅम हवं म्हटलं तर नऊ केळी होतात, आणि नऊ केळी रोज कुणी खाऊ नयेत. पण 30 ग्रॅम कोरड्या तूरडाळीचं वरण जवळपास एका केळाएवढं देतं, पालकाची जुडी त्याहून जास्त. घोळ, चुका, हरभऱ्याची भाजी, ताक, सगळं याच कामाचं.

आपली खरी मिळकत भाकरी आहे. मराठवाड्यात पुष्कळ घरांत ज्वारीच्या भाकरीत मीठ टाकतच नाहीत. मग आपण तिच्यासोबत ठेचा वाढतो. कैरीच्या लोणच्याला किलोमागे 150 ग्रॅम मीठ हे सर्रास प्रमाण. तेल-मोहरी धरली तरी बरणीत साधारण दहावा हिस्सा मीठच. पंधरा ग्रॅमची एक फोड म्हणजे दीड ग्रॅम. एका उडदाच्या पापडात अर्धा ग्रॅम तरी असतंच. भज्यांच्या पिठात चमचाभर खायचा सोडा पडला, तर त्यातलं सोडियम सव्वातीन ग्रॅम मिठाइतकं होतं, आणि त्याची खारट चव लागत नाही म्हणून कुणी ते मोजत नाही. उन्हात राबणाऱ्याला मीठ जास्त लागतं, हे खरं आहे. पण दाब वाढलेले सगळेच काही हळद शिजवत नाहीत. पुष्कळ जण दुकानात पंख्याखाली बसलेले असतात.

पाच मोठ्या माणसांच्या घराला दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी 40 दिवस पुरायला हवी. लोणची-पापडांचं आणि शेव-फरसाणाचं मीठ वेगळं धरलं तर त्याहूनही जास्त. पुढची पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनानं तारीख टाका. 25 दिवसांत ती संपली, तर घरात माणशी रोजचे 8 ग्रॅम जात आहेत. पाहुणेरावळे आले, घरात लग्नकार्य निघालं, तर तो महिना मोजू नका.