त्रिशंकू लाइन्स! मदरबोर्डवरच्या रिकाम्या तारांचं करायचं काय?

एखादा जुना मदरबोर्ड हातात आला तर त्यावरचे पांढरे, लांबट स्लॉट जरा निरखून बघा. हे पीसीआय स्लॉट. इंटेलने १९९२ मध्ये ही बस आणली आणि पुढची दहा-बारा वर्षं साउंड कार्डापासून लॅन कार्डापर्यंत सगळं याच स्लॉटमध्ये बसायचं. या स्लॉटच्या आसपास बारीक बारीक रेझिस्टर दिसतात. त्यातले बरेचसे, ज्या लाइन्स त्या क्षणी कोणीच वापरत नाही त्यांची काळजी घ्यायला बसवलेले असतात. आता कोणी म्हणेल, वापरात नसलेल्या लाइनची काळजी कसली? द्यायची सोडून मोकळी! इथंच तर खरी गंमत आहे.

मोकळी म्हणजे शून्य नव्हे

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की व्होल्टेज दिलं म्हणजे १, नाही दिलं म्हणजे ०. पण कुठंच न जोडलेली सीमॉस इनपुट पिन ० ही नसते आणि १ ही नसते. तिची अवस्था त्रिशंकूसारखी, अधांतरी! सीमॉस गेटच्या इनपुटमधून करंट जवळजवळ जातच नाही. त्यामुळे शेजारच्या लाइनवरचा आवाज किंवा नुसता जवळ नेलेला हातसुद्धा तिचं व्होल्टेज हलवू शकतो. ते मधेच कुठेतरी अडकलं की आतले पीमॉस आणि एनमॉस दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी अर्धवट चालू होतात. मग सप्लायपासून ग्राउंडपर्यंत फुकटचा करंट वाहतो, चिप तापते आणि कधी कधी आउटपुट थरथरायला लागतं. सर्किट ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

स्प्रिंगचा दरवाजा

यावरचा सोपा उपाय म्हणजे पुल-अप रेझिस्टर. स्प्रिंग लावलेला दरवाजा आठवा. कोणी ढकलला नाही तर तो आपोआप बंद राहतो, आणि ढकलणाऱ्याला फारसा जोरही लागत नाही. पीसीआयच्या फ्रेम, आयआरडीवाय, टीआरडीवाय, डेव्हसेल, स्टॉप या कंट्रोल लाइन्स ॲक्टिव्ह लो आहेत, म्हणजे खाली ओढल्या की ‘हो’. म्हणून मदरबोर्डवर प्रत्येकीला पुल-अप हवाच. बस रिकामी असताना फ्रेम लाइन चुकून खाली गेली तर सगळ्या कार्डांना वाटेल की कोणीतरी व्यवहार सुरू केला!

पण रेझिस्टर किती ओहमचा? ३.३ व्होल्टच्या पीसीआयमध्ये साधारण ८.२ किलोओहम वापरतात, ५ व्होल्टला २.७ किलोओहम. समजा आपण १०० ओहमचाच लावला. मग लाइन खाली ओढणाऱ्या चिपला ३३ मिलिॲम्पिअर गिळावे लागतील, म्हणजे स्प्रिंग इतकी कडक की दरवाजा उघडेचना. उलट १०० किलोओहमचा लावला, आणि बसवरच्या सगळ्या चिपांचा मिळून गळती करंट १०० मायक्रोॲम्पिअर असला, तर लाइन वर राहणारच नाही. ८.२ किलोओहमला तेवढ्याच गळतीने फक्त ०.८२ व्होल्ट पडतात, ते चालतं.

आता एक मेख. लाइनची कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरली तर ८.२ किलोओहमबरोबर टाइम कॉन्स्टंट येतो ४१० नॅनोसेकंद. ३३ मेगाहर्ट्झला एक क्लॉक असतो ३० नॅनोसेकंदांचा. म्हणजे नुसत्या पुल-अपच्या भरवशावर लाइन वर यायला तेरा-चौदा क्लॉक जातील! म्हणून पीसीआयचा नियम असा की लाइन सोडणाऱ्याने सोडण्याआधी एक क्लॉक ती स्वतः वर न्यायची. पुल-अपचं काम उचलायचं नाही, फक्त धरून ठेवायचं.

प्रत्येक लाइनला रेझिस्टर नको

मग ३२ ॲड्रेस-डेटा लाइन्सनाही असेच रेझिस्टर का नाहीत? कारण तिथे दुसरी युक्ती आहे, तिचं नाव बस पार्किंग. बस रिकामी असताना आर्बिटर कोणा एकाला ग्रँट देऊन ठेवतो, आणि त्याने या लाइन्सवर काहीतरी ठाम व्होल्टेज ठेवायचं. रिकाम्या वर्गावर मॉनिटर बसवल्यासारखंच!

खरी पंचाईत होते ती ६४-बिट कार्ड ३२-बिट स्लॉटमध्ये घातल्यावर. कार्डाच्या मागच्या पिना हवेत लोंबतात. वरच्या ३२ डेटा लाइन्स, ४ बाइट एनेबल आणि एक पॅरिटी, अशा ३७ लाइन्स बेवारस! मदरबोर्डला त्यांचा पत्ताच नाही, तेव्हा जबाबदारी कार्डावर येते. रिसेट संपताना कार्ड रेक-६४ ही लाइन बघतं. ती खाली असेल तर स्लॉट ६४-बिट. वर असेल तर ३२-बिट, मग कार्डातली चिप त्या लाइन्स स्वतःच सांभाळते. उलट ६४-बिट स्लॉटमध्ये ३२-बिट कार्ड घातलं, तर वरच्या लाइन्सचे पुल-अप मदरबोर्डने द्यायचे.

जेटॅगच्या लाइन्स तर आणखी वेगळ्या. मदरबोर्ड जेटॅग वापरत नसेल तर टीएमएस आणि टीडीआय वर ओढायच्या, टीसीके आणि टीआरएसटी मात्र खाली. आणि कार्डावर जेटॅग नसेल तर तिथे टीडीआय व टीडीओ एकमेकींना जोडायच्या, नाहीतर साखळी तुटते.

२००४ पासून बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस आली आणि तिथे न वापरलेल्या लेन चक्क मोकळ्या सोडतात. समोर रिसीव्हरचं टर्मिनेशन आहे का हे ट्रान्समीटर आधी तपासतो आणि नसेल तर ती लेन वापरतच नाही. म्हणजे ‘मोकळी सोडा’ हेसुद्धा बरोबर उत्तर असू शकतं, पण ते स्पेसिफिकेशनने ठरवलेलं असावं, आपल्या आळसाने नव्हे!

तुमच्या प्रोजेक्टसाठी

हे सगळं मदरबोर्डवाल्यांनी बघावं, आपल्याला काय, असं म्हणू नका. ८०५१ ची ईए पिन मोकळी राहिली तर चिप बाहेरच्या मेमरीत प्रोग्राम शोधत बसू शकते, आणि बाहेर मेमरीच नसते! पोर्ट शून्यला बाहेरून पुल-अप दिला नाही तर त्यावर १ नीट मिळतच नाही. तेव्हा पीसीबी टाकण्याआधी प्रत्येक रिकाम्या पिनवर बोट ठेवा. इनपुट असेल तर तिच्या निष्क्रिय बाजूला बांधा. आउटपुट असेल तर मोकळी सोडा, ग्राउंडला चुकूनही जोडू नका. दोन्हीकडे चालणारी असेल तर रेझिस्टरमधून बांधा. आणि डेटाशीट वेगळं सांगत असेल तर डेटाशीटचंच ऐका. एक रेझिस्टर काही पैशांत येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री ‘हात लावला की चालतं’ म्हणत जागण्यापेक्षा हा सौदा नक्कीच स्वस्त!