मोजके चॅनल, पुष्कळ फोन

कारखान्याच्या ऑफिसात एक तक्रार नेहमी ऐकू येते: सकाळी कामाच्या गर्दीत फोन लागत नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत तोच फोन बिनबोभाट लागतो. नेटवर्कवाला येतो, केबल हलवून बघतो, एक्स्चेंज बंद करून पुन्हा चालू करतो आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सही घेऊन जातो. अशा वेळी एक्स्चेंजच्या पेटीतलं एक कार्ड तपासायला हवं. ते बिघडलेलं नसतं. त्याचे चॅनल संपलेले असतात.

हे कार्ड आवाज दाबण्याचं आणि उलगडण्याचं काम करतं. त्याची गरज कुठे पडते हे कळायला पैठणच्या एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना डोळ्यांपुढे आणू. ऑफिसातल्या टेबलांवर चाळीस आयपी फोन आहेत, संगणकाच्याच केबलवर चालणारे. गेट, वजनकाटा, स्टोअर आणि पंपहाउसला मात्र दोन तारांचे जुने साधे फोन आहेत. ते धुळीत तग धरतात, म्हणून कुणी बदललेले नाहीत. आयपी फोनचा आवाज पॅकेटांतून धावतो, साध्या फोनचा तारेतून. अकाउंट्सच्या मॅडमनी वजनकाट्यावर फोन लावला की या दोन आवाजांची अदलाबदल कुणीतरी करायला हवी. ते काम कार्डाचा एक चॅनल करतो, आणि बोलणं संपेपर्यंत तो अडकून राहतो.

अवायाच्या ‘आयपी ऑफिस’ या छोट्या-मध्यम कचेऱ्यांच्या एक्स्चेंजमध्ये हा हिशेब स्पष्ट दिसतो. त्याच्या आयपी५०० व्ही२ पेटीत ३२ किंवा ६४ चॅनलची दोन कार्डं बसतात, शिवाय प्रत्येकी १० चॅनल देणारी दोन जोडकार्डं. कमाल बेरीज १४८. दोन आयपी फोन आपसांत बोलू लागले की त्यांची पॅकेटं थेट एकमेकांकडे जातात आणि चॅनल मोकळा राहतो. पण पाच जणांनी आयपी फोनवरून कॉन्फरन्स लावली की पाच चॅनल गेले. व्हॉइसमेल ऐकणाराही एक अडवतो. म्हणून फोन किती आहेत हे मोजून कार्ड ठरवू नये. ऐन गर्दीत, एकाच वेळी, कुठल्या प्रकारची किती बोलणी चालतात हे मोजावं.

चॅनलची संख्याही नेहमी ठाम नसते. सिस्कोच्या पीव्हीडीएम२-१६ या कार्डावर एकच चिप असते. साध्या जी.७११ पद्धतीची १६ बोलणी ती सांभाळते. जी.७२९ए लावली तर ८, आणि मूळ जी.७२९ लावली तर फक्त ६. दाबणीचं गणित जितकं अवघड, तितकी चिपची मेहनत वाढते.

ही मेहनत कसली, ते समजून घेण्यासारखं आहे. १९७२ साली प्रमाणित झालेली जी.७११ पद्धत आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेते, प्रत्येकाला आठ बिट देते. झाले ६४ किलोबिट. १९९६ची जी.७२९ पद्धत वेगळ्याच वाटेने जाते. ती माणसाच्या गळ्याचं आणि मुखपोकळीचं गणिती रूप मांडते, आणि दर दहा मिलिसेकंदांच्या आवाजासाठी त्या गणिताचे आकडे फक्त ८० बिटांत पाठवते. सेकंदाला ८ किलोबिट! तिच्या मुळाशी असलेलं तंत्र बिष्णू अटल आणि मान्फ्रेड श्रोडर यांनी १९८५ साली बेल लॅब्जमधून मांडलं. अटल मूळचे कानपूरचे, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवून अमेरिकेला गेलेले. त्यांच्या प्रयोगात एका सेकंदाचा आवाज दाबायला क्रे-१ या महासंगणकाला शंभराहून अधिक सेकंद लागले होते. तेच काम आज बोटाएवढी चिप बोलता बोलता करते. या कामगिरीबद्दल मनापासून आदर वाटतो.

पण गळ्याच्या गणितात टाळ-मृदंग बसत नाहीत. नाथांच्या गावातल्या ऑफिसने होल्डवर एकनाथांचा अभंग लावला आणि तो जी.७२९मधून गेला, तर टाळांचा खणखणाट फाटका, घुसमटलेला ऐकू येतो. फॅक्सचीही तीच गत, त्याला टी.३८ ही वेगळी वाट द्यावी लागते. ‘एक दाबा, दोन दाबा’चे सूरही विकृत होतात, म्हणून ते आवाजातून न पाठवता वेगळ्या संदेशाने पाठवतात.

बचतीचा आकडाही नीट पाहायला हवा. वीस मिलिसेकंदांच्या पॅकेटात जी.७२९चा आवाज असतो २० बाइट आणि वरचा पत्ता-मजकूर ४० बाइट. चिठ्ठीपेक्षा पाकीट जड! त्यामुळे ८ किलोबिटचं बोलणं प्रत्यक्षात २४ किलोबिटचं होतं, आणि जी.७११चं ८०. मुख्य कचेरीशी जोडणारी २ एमबीपीएसची लीज्ड लाइन असेल तर कागदावर २५ बोलण्यांच्या जागी ८३ मावतात. लाइन महाग आणि अरुंद होती तेव्हा हा फरक फार मोलाचा होता.

आज फायबर मिळत असताना कारखान्याच्या आवारातही जी.७२९ चालू ठेवणं चूक आहे. आवारात आणि फायबरवर जी.७११ ठेवावी, फोन चालवत असतील तर ७ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज देणारी जी.७२२ त्याहून चांगली. दाबणी राखून ठेवावी ती अरुंद, पर्यायी लाइनसाठी. दोन्ही टोकांना वेगळी पद्धत लावू नये, कारण मग रूपांतरासाठी एकाच बोलण्यात दोन चॅनल जातात. आणि गेटवर, वजनकाट्यावर साधे फोन आहेत तोवर कार्ड काढूनही टाकता येत नाही.

तेव्हा नवं एक्स्चेंज घेताना किंवा एएमसीचं नूतनीकरण करताना कोटेशनमधला फोनचा आकडा पाहून सही करू नका. विक्रेत्याला विचारा: सकाळच्या गर्दीत किती चॅनल लागतील, आणि कार्डावर आहेत किती?