बोरीबंदरला वर कोण बघतं?

डोंबिवली ते व्हीटी या फेऱ्यांत माझी बावीस वर्षं गेली. त्या काळात या स्टेशनाच्या इमारतीबद्दल कुणी विचारलं असतं, तर मी एवढंच सांगितलं असतं : हार्बर एक-दोनवर लागते, सबवेच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात आणि डोंबिवलीकराने कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत चढू नये, बोलणी खावी लागतात. घुमट, वाघ, सिंह यांचा पत्ताच नव्हता. एका संध्याकाळी समोर महापालिकेच्या कोपऱ्यावर एका मित्राची वाट बघत पाऊण तास ताटकळलो, तेव्हा कुठे मान वर गेली.

आधी दिसतात ते फाटकाच्या खांबांवर बसलेले सिंह आणि वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. दोघं एकाच उंचीवर, तोलामोलाचे. १८८०च्या दशकात ही बरोबरी फक्त दगडातच परवडत असणार.

नजर आणखी वर नेली, की घुमटाच्या टोकावर एक बाई. एका हातात मशाल, दुसरा हात आऱ्यांच्या चाकावर. ही ‘प्रगती’. ती ज्यावर उभी आहे तो अष्टकोनी घुमट खालून सेंटरिंगचा आधार न देता, नुसत्या दगडी फासळ्यांवर चढवला आहे. त्याच्या बरोबर खाली मोठा जिना. आणि घड्याळाखाली एक कोनाडा, रिकामा. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. देश स्वतंत्र झाला, राणी गेली, कोनाडा राहिला.

पण तो जिना कुठल्याच फलाटावर जात नाही. हे कळायला मला फार वर्षं लागली. आपण जिला स्टेशन म्हणतो ती दिमाखदार इमारत मुळात कचेरी आहे, तेव्हा जी.आय.पी. रेल्वे कंपनीची, आज मध्य रेल्वेच्या मुख्यालयाची. गाड्या लागतात त्या बगलेला, पत्र्याच्या छपराखाली. घुमटाखालून साहेब वर जायचे, प्रवासी बाजूने आत शिरायचे. आजही आपण बाजूनेच शिरतो, म्हणून तर मान वर जात नाही.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा सरकारी बांधकाम खात्यातला इंजिनिअर. काम हाती आल्यावर तो युरोपातली स्टेशनं बघून आला आणि १८७८ साली बांधकामाला लागला. पुरं व्हायला दहा वर्षं लागली. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, म्हणून तिचं नाव दिलं. समोरची महापालिकाही स्टीव्हन्सचीच. म्हणजे ज्या कोपऱ्यावर मी ताटकळलो, तिथे दोन्ही बाजूंनी एकच माणूस आपल्याकडे बघत असतो.

आराखडा साहेबाचा असला, तरी कोरीवकामात जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. झरोक्यांच्या जाळीत मोर, कोपऱ्याकोपऱ्यांत माकडं, पानाफुलांत दडलेले पक्षी. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून कंपनीशी संबंधित माणसांचे चेहरे डोकावतात, त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉयही आहेत. हे दोघं तिथे शोभेला बसवलेले नाहीत. मुंबईला रेल्वे हवी म्हणून १८४०च्या दशकातच त्यांनी खटपट चालवली होती. तिचं फळ १६ एप्रिल १८५३ला दिसलं. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी याच बोरीबंदरावरून १४ डबे आणि ४०० पाहुणे ठाण्याला निघाले. ओढायला तीन इंजिनं, निरोपाला २१ तोफांची सलामी. स्टीव्हन्सची इमारत तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

३ फेब्रुवारी १९२५ला इथूनच कुर्ल्याला, हार्बरच्या वाटेने, देशातली पहिली विजेची गाडी गेली. माझ्या मते या स्टेशनाचा खरा इतिहास त्या दिवशी सुरू झाला. घुमटाने मुंबईला दिमाख दिला, पण डोंबिवली, कल्याण, बदलापूर ही गावं मुंबईला जोडली ती तारेने.

नावाचं म्हणाल, तर बोरीबंदराचं व्हीटी झालं, १९९६ला सीएसटी, २०१७ला ‘महाराज’ जोडून सीएसएमटी. मधे २००४ला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आमच्या डब्यात अजून व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी ही तिन्ही नावं चालतात. कोण काय म्हणतो त्यावरून वयाचा अंदाज येतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मेलगाड्यांच्या बाजूला गोळीबार झाला, इथे ५०हून अधिक माणसं गेली. त्या वेळी उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून माइकवर लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. एरवी ज्या आवाजाकडे आपण कान देतो तो गाडी लेट आहे का एवढंच ऐकायला, त्या आवाजाने त्या रात्री कित्येकांना वाचवलं.

मित्र अखेर आला. त्याला तिकीट काढायचं होतं, म्हणून लोकलच्या तिकीटघरात गेलो. संगमरवरी खांब, त्यांवर कमानी आणि छताला निळ्या रंगात सोनेरी चांदण्या. स्टार चेंबर म्हणतात याला. खाली रांगेत पन्नासेक माणसं, सगळ्यांची नजर मोबाइलवर नाहीतर खिडकीतल्या सुट्ट्या पैशांवर. मी मित्राला कोपराने ढोसून म्हटलं, ‘‘वर बघ.’’ तो म्हणाला, ‘‘नंबर आला आपला.’’

तिकीट घेऊन धावत फलाटावर आलो. गाडी आत शिरत होती आणि अर्धा डबा भरलेलाच. मस्जिदवाले एक स्टेशन उलटं येऊन जागा धरून बसले होते. गाडी थांबायच्या आत मित्राने खिडकीतून रुमाल आत टाकला. तो थेट एका मस्जिदवाल्याच्या मांडीवर पडला. त्याने शांतपणे घडी घालून परत दिला.