पाठीखालची ऊब

२८ मे १९५३ ची रात्र. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, सुमारे २७,९०० फूट उंचीवर, एका छोट्या तंबूत तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी पहाटेची वाट पाहत पडून होते. पारा शून्याखाली २७ अंशांपर्यंत उतरला होता आणि तंबू उभारण्यापुरती सपाट जागाही तेथे धड मिळाली नव्हती. त्या दोघांचे देह आणि गोठलेला कडा यांच्यामध्ये होत्या त्या हवा भरलेल्या गाद्या. दुसऱ्या दिवशी घडलेला इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्या इतिहासाला आदल्या रात्री आधार देणाऱ्या या साध्या वस्तूची आठवण सहसा कोणी काढत नाही.

हिमालय आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यात आला आहे. हम्टा खिंड, केदारकंठा, संदकफू ही नावे नोकरदारांच्या रजेच्या नियोजनात सहजपणे येतात. पन्नाशी ओलांडलेले पदयात्रीही या वाटांवर उत्साहाने चालताना दिसतात. बूट आणि जाकीट यांच्या खरेदीत चोखंदळपणा दाखवणारी ही मंडळी अंगाखाली काय अंथरायचे, याचा विचार मात्र अखेरच्या दिवशी करतात. रात्री कुडकुडत काढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीची चढण दुप्पट वाटते. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेल्यास तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही, जिवाचा होतो.

थंडी येते कोठून?

स्लीपिंग बॅग उबदार असली की पुरे, हा सार्वत्रिक समज. वस्तुतः बॅगेतील पिसे किंवा कृत्रिम तंतू ऊब निर्माण करीत नाहीत. ते आपल्या पोकळ्यांमध्ये हवा अडवून ठेवतात आणि ती स्थिर हवा शरीराची उष्णता राखते. अंगाच्या भाराने पाठीखालचा भर दबला की ही हवा निघून जाते व तेवढ्या भागापुरती बॅग जवळजवळ निरुपयोगी ठरते. सह्याद्रीचा काळा कातळ स्थिर हवेच्या तुलनेत साठपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. गडावरील गुहेत नुसत्या सतरंजीवर निजलेल्याला पहाटे हुडहुडी का भरते, याचे उत्तर येथे मिळते. स्लीपिंग बॅगवर छापलेले तापमानाचे आकडेही खाली उष्णतारोधक मॅट अंथरून केलेल्या चाचणीवर आधारलेले असतात. मॅट नसेल, तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

घोंगडीपासून हवेच्या गादीपर्यंत

आपल्याकडे घोंगडीने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. त्यानंतर फोमची कॅरीमॅट आली. ती स्वस्त व टिकाऊ आहे, काट्याने तिचे काही बिघडत नाही. मात्र ती जाडीला कमी आणि सॅकला बाहेरून बांधावी लागणारी. अमेरिकेतील सिएटल येथे बोईंगचे दोन माजी अभियंते जिम ली व नील अँडरसन आणि त्यांचे सहकारी जॉन बरोज यांनी १९७२ मध्ये ‘कॅस्केड डिझाइन्स’ ही कंपनी स्थापन केली व फोमला हवाबंद कापडाचे आवरण देऊन, झडप उघडताच आपोआप फुगणारी गादी बाजारात आणली. पुढे २००९ च्या सुमारास फोमला पूर्णपणे फाटा देऊन, आतील कप्प्यांत उष्णता परावर्तित करणारे पातळ पडदे बसवलेल्या हलक्या गाद्या आल्या. आज साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम वजनाची, घडी केल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी होणारी गादी बर्फाळ जमिनीपासूनही संरक्षण देऊ शकते.

तथापि, फुगते ती प्रत्येक गादी उबदार असते असे नाही. पोकळ गादीतील हवा आतल्या आत फिरत राहते व अंगाची उष्णता जमिनीकडे पोचवते. आतील पडदे किंवा तंतूंचा थर हे अभिसरण रोखतात. समुद्रकिनाऱ्यावरची फुगवायची गादी पर्वतात कामाची नाही, ती याच कारणाने.

एक अंक, महत्त्वाचा

गादी उष्णतेला किती विरोध करते, हे ‘आर-व्हॅल्यू’ या अंकाने दर्शवतात. अंक जितका मोठा, तितकी ऊब अधिक. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने मोजमाप करीत असे, त्यामुळे तुलना अवघड होती. २०१८ मध्ये ‘एएसटीएम एफ ३३४०’ हे समान प्रमाणक प्रसिद्ध झाले आणि प्रमुख उत्पादकांनी ते स्वीकारले. खरेदी करताना या प्रमाणकाचा उल्लेख अवश्य पाहावा.

ढोबळमानाने, सह्याद्रीतील हिवाळी रात्रींसाठी २ च्या आसपासचा अंक पुरतो. हिमालयात उन्हाळा वा शरद ऋतूत, पारा शून्याजवळ जात असताना, ४ किंवा त्याहून अधिक असावा. केदारकंठ्यासारख्या ठिकाणी पौष-माघात बर्फावर निजायचे असल्यास ५ ते ६ हवा. यातली सोय अशी की, दोन थरांच्या अंकांची बेरीज होते. साधारण २ अंकाची कॅरीमॅट खाली आणि ४ अंकाची हवेची गादी वर घातली, तर ६ चे संरक्षण लाभते. शिवाय हवेची गादी रात्री फुटलीच, तर खालची मॅट अब्रू राखते.

निवडीची सूत्रे

कुशीवर झोपणाऱ्यांनी किमान तीन इंच जाडीची गादी घ्यावी, म्हणजे कंबरेचे हाड जमिनीला टेकत नाही. सर्वसाधारण गादी ७२ इंच लांब व २० इंच रुंद असते. अंगापिंडाने भरदार व्यक्तींना २५ इंच रुंदी सोयीची पडते. वजन वाचवण्यासाठी आखूड गादी घेऊन पायांखाली रिकामी सॅक ठेवणारे अनुभवी पदयात्रीही आहेत. कापडाची जाडी ‘डेनिअर’मध्ये सांगतात, २० डेनिअर हलके, तर ३० वा अधिक डेनिअर दणकट. करवंदीच्या जाळ्या आणि कारवीची वाळकी खोडके यांतून वाट काढणाऱ्यांनी पन्नास-शंभर ग्रॅमचा भार सोसून दणकट कापड निवडणे श्रेयस्कर.

किमतीचा विचार वापराच्या रात्रींनी भागून करावा. वर्षाकाठी दहा रात्री डोंगरात घालवणाऱ्याला महाग गादीही काही वर्षांत स्वस्त पडते. एकदाच जाणाऱ्याने भाड्याने घेणे किंवा दोन कॅरीमॅट एकावर एक अंथरणे, हाच व्यवहार शहाणपणाचा.

वापर आणि निगा

नवी गादी प्रथम घरी फुगवून तिच्यावर एक रात्र झोपावे. सूक्ष्म गळती असल्यास सकाळपर्यंत उघडकीस येते. मुक्कामी जमीन हाताने चाचपून काटे-खडे वेचावेत व खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे. शेकोटीपासून गादी दूर ठेवावी, कारण एक ठिणगीही तिला पुरते. तोंडाने फुंकल्यास श्वासातील ओल आत साचते. म्हणून सोबत मिळणारी पंपाची पिशवी वापरावी.

सायंकाळी २० अंश तापमानाला भरलेली हवा पहाटे शून्य अंशाला सुमारे सात टक्क्यांनी आकसते. गादी सैल लागली म्हणजे ती फुटली, असे लगेच समजू नये; झोपण्यापूर्वी चार फुंकरी अधिक माराव्यात. उलट, फुगवलेली गादी दुपारच्या उन्हात ठेवल्यास आतील हवा प्रसरण पावून जोड उसवण्याचा धोका असतो.

गळती शोधण्यासाठी गादीवर साबणाचे पाणी पसरावे. जेथे बुडबुडे उठतील तेथे छिद्र. ती जागा पुसून, पूर्ण वाळवून ठिगळ चिकटवावे. ठिगळाचे पाकीट सॅकमध्ये हाताशी असावे, गाडीत राहिलेले कामाचे नाही. परतल्यावर गादी सुकवून, शक्य तर झडप उघडी ठेवून सैल ठेवावी. कोकणच्या दमट हवेत गुंडाळून ठेवलेल्या गादीला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

शिखराचे छायाचित्र भिंतीवर लागते, गादीचे लागत नाही. पण गिर्यारोहणाचा निम्मा काळ मुक्कामात जातो आणि दिवसाचे बळ रात्रीच्या विश्रांतीतूनच येते. पुढील मोहिमेची यादी करताना बुटांच्या खालोखाल गादीचे नाव लिहावे, म्हणजे पहाटेचे सूर्यकिरण हिमशिखरावर उतरतील, तेव्हा ते पाहायला डोळे ताजेतवाने असतील.