जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे रास्त मूल्य : एक विवेचन

नागपुरात एखादी आलिशान स्पोर्ट्स मोटार जुन्या बाजारात विक्रीस आली म्हणजे घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, सांगितलेली किंमत रास्त आहे किंवा नाही. सर्वसामान्य मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बाजारच देतो. कारण एकाच नमुन्याच्या व एकाच वर्षीच्या अनेक गाड्या विक्रीस असतात आणि त्यांच्या भावांची तुलना करता येते. स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतीत ही सोय नसते. तशीच दुसरी गाडी शहरात विक्रीस असेलच असे नाही, आणि मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील जाहिरातींत दिसतात ते मागितलेले भाव होत. प्रत्यक्ष सौदा कितीस झाला हे त्यांवरून कळत नाही. यास्तव येथे रास्त किंमत स्वतंत्र हिशेबाने ठरवावी लागते. तो हिशेब कसा मांडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सामान्यतः पहिला आधार घेतला जातो तो विम्याच्या घसाऱ्याचा. गाडीचे विमा-मूल्य ठरविण्याच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे पहिल्या ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ वर्षांपर्यंत ३०, ४ वर्षांपर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरतात. त्यापुढे मूल्य उभयपक्षी संमतीने ठरते. हे कोष्टक उपयुक्त असले, तरी त्यास वयाखेरीज दुसरे काही दिसत नाही. जपून वापरलेली व बेदरकारपणे पिटाळलेली अशा दोन्ही गाड्यांना ते एकाच मापाने मोजते. दुसरा आधार मूळ पावतीचा. तोही फसवा ठरू शकतो. बहुतेक मोठ्या मोटारींवर जीएसटी व उपकर मिळून ४५ ते ५० टक्के कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अर्थात् जुन्या पावतीवरील आकड्यापेक्षा आजच्या नव्या गाडीचा भाव हाच तुलनेचा योग्य पाया होय.

याहून खोल विचार हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२५ साली घसाऱ्यावरील आपल्या निबंधात मांडला. त्याचे सार असे की, यंत्राचे आजचे मूल्य त्याच्याकडून पुढे मिळणारी सेवा व त्यासाठी पुढे करावा लागणारा खर्च यांवरून ठरते. स्पोर्ट्स मोटारीस हा विचार विशेषच लागू पडतो. कारण गाडीची किंमत निम्मी झाली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. १ कोटीची गाडी ५० लाखांस घेणारा मनुष्य ५० लाखांच्या गाडीचा खर्च मनात धरून असतो. परंतु टायर, ब्रेक व गिअरबॉक्स यांची बिले १ कोटीच्या गाडीचीच येतात. या व्यवहारातील खरा धोका हा आहे.

म्हणून पुढील खर्चाची चिन्हे आजच तपासावीत. टायरवरील चार अंकांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. ४५ अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात रबर झिजण्यापूर्वीच कडक होऊ शकते. रंगाची जाडी मोजणाऱ्या उपकरणाने एखादा भाग पुन्हा रंगविला आहे काय हे कळते. कित्येक नमुन्यांत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरविले गेले याची नोंद इंजिनाच्या संगणकात राहते. पोर्शेच्या अनेक गाड्यांत ती सहा पातळ्यांत मिळते. नमुन्यागणिक ठरलेले दोषही असतात. १९९७ ते २००८ या काळातील अनेक पोर्शे ९११ व बॉक्स्टर गाड्यांत इंजिनातील मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटून संपूर्ण इंजिन निकामी होण्याचा धोका प्रसिद्ध आहे. ज्या कंपनीची कार्यशाळा नागपुरात नाही, तिच्या बाबतीत गाडी नेण्या-आणण्याचा खर्चही धरला पाहिजे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाल्याने मुंबईची वाट सोपी झाली, ती विनाखर्चाची झालेली नाही.

कागदपत्रे हाही गाडीचाच एक भाग समजावा. महाराष्ट्रात मोटारीचा कर एकरकमी भरलेला असतो व मालक बदलला तरी तो गाडीबरोबर राहतो. परराज्यातील गाडी येथे नोंदवावयाची तर मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि गाडीच्या वयानुसार कर नव्याने भरावा लागतो. गाडीवर कर्ज असल्यास नमुना ३५ वर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही हवी. इंजिन व चॅसिस यांवरील क्रमांक स्वतः पाहून 'वाहन' या सरकारी नोंदवहीशी ताडून पाहावेत. ही दक्षता अनाठायी नव्हे. 'डीसी अवंती' या भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स मोटारीसंबंधी डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केलेल्या कारवाईत, एकाच इंजिन व चॅसिस क्रमांकावर दोन राज्यांत नोंदणी झाल्याचा आरोप होता.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नमुन्याची नवी गाडी ९० लाखांस मिळते. साडेचार वर्षांच्या दोन गाड्या विक्रीस आहेत. कोष्टकाप्रमाणे दोहोंचे मूल्य ४५ लाखच येते. 'अ' गाडी नागपुरात नोंदलेली असून तिची दुरुस्तीची सर्व नोंद उपलब्ध आहे. मागणी ५२ लाख व लवकरच करावयाचा खर्च १ लाख, म्हणजे एकूण ५३ लाख. 'ब' गाडी परराज्यातील असून तिची दोन वर्षांची नोंद सापडत नाही. मागणी ४६ लाख. तीवर कर ६ लाख व टायर-ब्रेक ३ लाख धरू. गिअरबॉक्सच्या ८ लाखांच्या दुरुस्तीची शक्यता चारात एक मानली, तर त्यापोटी २ लाख धरले पाहिजेत. एकूण ५७ लाख होतात. 'अ' ची किंमत रास्त मानल्यास 'ब' ची रास्त किंमत ५३ वजा ११, म्हणजे ४२ लाख ठरते. स्वस्त दिसणारी गाडी येथे ४ लाखांनी महाग आहे.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जाणत्या कारागिराने तपासून गिअरबॉक्स निर्दोष असल्याचे सांगितले, तर 'ब' ची रास्त किंमत ४४ लाखांवर जाते. केवळ माहितीचे मोल येथे २ लाख झाले. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले की, विकणाऱ्यास दोष ठाऊक व घेणाऱ्यास अज्ञात असले म्हणजे घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो व सदोष गाड्या मागे उरतात. या विषयातील कार्याबद्दल त्यास २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. आपल्या बाजारात संत्र्यांचा भाव ठरविण्यापूर्वी एखादे फळ सोलून चाखता येते. मोटारीच्या बाबतीत ती सोय दुरुस्तीच्या नोंदवहीने व तपासणीने करून द्यावी लागते.

सारांश, आजच्या नव्या भावावरून वयाचा अंदाज घ्यावा, त्यातून ठाऊक असलेला खर्च पूर्ण व संभाव्य खर्च त्याच्या शक्यतेच्या प्रमाणात वजा करावा, आणि उरेल ती रक्कम देऊ करावी. ज्याला गाडी तपासू देण्याची तयारी नाही, त्याच्या गाडीतील अज्ञात दोष संभाव्य न मानता निश्चित मानावेत. जो प्रामाणिक विक्रेता प्रत्येक बिल जपून ठेवतो, त्याने त्याबद्दल दोन पैसे अधिक मागितले, तर ते मागणे अवाजवी समजू नये.